मुलांसाठी गाणं हा पूर्णवेळ व्यवसाय होऊ शकतो का? पट्टी, पस्तीस मिनिटं आणि पैशाचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: विचारणाऱ्या ताई शाळेत संगीत शिकवतात, गायनात विशारद आहेत, आवाजाची पट्टी काळी चार (म्हणजे त्यांचा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर). गेली दोन-तीन वर्षं गणेशोत्सवात आणि सोसायट्यांमध्ये त्या मुलांसाठी बालगीतांचे कार्यक्रम करतात. पालक कौतुक करतात, पण लहान मुलं दहाव्या मिनिटाला उठून पळायला लागतात. नोकरी सोडून याच कामात पडावं का, हे त्यांना ठरवायचं आहे.

ताई, यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. नोकरीचा प्रश्न पैशाचा आहे, त्याचं उत्तर तुमचं शहर, घरचा खर्च आणि दुसरी मिळकत यांवर ठरेल. पण त्याआधी मुलं का उठतात हे सुटायला हवं, कारण या व्यवसायात दुसऱ्यांदा बोलावणं येतं ते त्यावरच. पालकांचं कौतुक तुमच्या गळ्याला असतं. बालवाडीच्या बाई मात्र दुसऱ्या दिवशी मुलं काय गुणगुणत होती ते लक्षात ठेवतात आणि त्यावरून पुढच्या वर्षी फोन करतात. मुलांसमोर गाणं आणि मुलांना गायला लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपण सगळे पहिलं काम शिकून येतो, मानधन मात्र दुसऱ्या कामाचं मिळतं.

पट्टीपासून सुरुवात करते, कारण माझा अंदाज आहे की तुमची अडचण बरीचशी तिथेच आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा गाण्याचा आरामाचा पट्टा फार छोटा असतो. कीबोर्डवर मिडल सी, म्हणजे मधल्या सप्तकाची पांढरी एक, शोधा. तिच्या शेजारची पांढरी दोन ते वरची पांढरी सहा, एवढ्या पाच स्वरांत बहुतेक मुलं मोकळेपणी गातात. मिडल सीच्या खाली गेलं की त्यांचा आवाज बसतो आणि ती बोलल्यासारखं पुटपुटतात. तुम्ही काळी चारला सा धरून मुखडा सा ते प मध्ये गायलात, तर तो मुखडा जवळजवळ सगळा मिडल सीच्या आसपास आणि खालीच पडतो. तुम्हाला तो सुखाचा वाटतो, मुलांना तो गाताच येत नाही. मग ती नुसती ऐकतात, आणि चार वर्षांचं मूल नुसतं ऐकत किती वेळ बसणार?

उपाय सरळ आहे: मुलांच्या गाण्यांसाठी सा पांढरी दोनला न्या. तुमच्या नेहमीच्या सा पासून मोजलं तर तो तीव्र मध्यम होतो, आणि त्याचा पंचम तुमच्या तार सप्तकातल्या कोमल रिषभावर येतो. विशारद झालेल्या गळ्याला हे अवघड नाही, फक्त आवाज हलका ठेवायचा, छातीतून रेटायचा नाही. अडचण अंतऱ्यात येते. अंतरा तार सा ला पोचत असेल तर तुम्हालाही चढेल आणि लहानांनाही. म्हणून गाणी निवडतानाच सा ते ध यांच्या बाहेर न जाणारी निवडा, किंवा अंतरा तुम्ही एकट्या म्हणा आणि ध्रुवपद मुलांकडे ठेवा. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना तार सा पर्यंत नेता येतं.

पुरुष कलाकार हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: लहान मुलांना पुरुषी आवाजातला स्वर आपल्या सप्तकात उचलणं जड जातं. काळी एकला खर्जात गायलात की अर्धी मुलं तुमच्यासारखा जाड आवाज काढायला बघतात आणि सूर सोडतात. सोबत बासरी ठेवा, किंवा सुरुवातीची ओळ सहगायिकेला द्या.

चालीबद्दल एक गोष्ट. मुलं एकमेकांना हाका मारतात, चिडवतात, तेव्हा आपोआप प वरून ग वर उतरतात. हंगेरीचे संगीतकार झोल्टान कोडाय यांच्या नावाने चालणाऱ्या शिक्षणपद्धतीत लहानांचं स्वरशिक्षण याच दोन स्वरांपासून सुरू होतं. नवीन गाणं बांधताना मुलांनी म्हणायची ओळ प-ग, फार तर प-ध-प-ग एवढ्यात ठेवली की ती पहिल्याच फेरीत उचलली जाते. ओळ केरव्याच्या, म्हणजे आठ मात्रांच्या तालाच्या, एका, फार तर दोन आवर्तनांची असावी, एका श्वासात मावणारी. शब्दांत जोडाक्षरं कमी ठेवा. ळ आणि र बऱ्याच मुलांच्या तोंडी उशिरा बसतात. ते अंतऱ्यात आले तर बिघडत नाही, पण मुलांच्या ओळीत नकोत.

लय हे दुसरं ठिकाण. लहान मुलांची स्वतःची लय आपल्यापेक्षा जलद असते. मिनिटाला साठ-सत्तर ठोक्यांच्या संथ गाण्यावर चार वर्षांचं मूल टाळी धरूच शकत नाही, ते पुढे पळतं आणि आपल्याला वाटतं त्याला ताल नाही. टाळीच्या गाण्याला एकशे दहा ते एकशे तीस ठोके ठेवा. उडी मारायची, वाकायचं, गोल फिरायचं असेल तर मात्र थोडं उतरा, कारण मोठ्या हालचालीला शरीर खाली-वर व्हायला वेळ लागतो. डोलायचं असेल तेव्हा सहा मात्रांचा दादरा. तबलजींना आधीच सांगून ठेवा की शेवटी लय वाढवायची नाही. मैफिलीत ते शोभतं, इथे मुलं एकमेकांवर आदळतात.

आता कार्यक्रमाची बांधणी. तीन ते पाच वयोगटाला तीस-पस्तीस मिनिटं पुरे. सहा ते नऊला पन्नास, आणि आईबाबांसह मिश्र प्रेक्षक असतील तर एक तास. दीड तासाची मागणी आली तर मी मधे हस्तकलेचा किंवा खाऊचा वेळ घालायला सांगते, गाणी वाढवत नाही. प्रत्येक गाणं दोन ते अडीच मिनिटांचं. पस्तीस मिनिटांत आठ-नऊ गाणी बसतात आणि त्यांतली नवीन दोनच, बाकी ओळखीची.

सुरुवात नावांच्या गाण्याने करावी: एक ओळ तुमची, मधे मुलाचं नाव, आणि सगळ्यांचं उत्तर. पाच-सहा नावं घेतली की पुरे, पन्नास घेऊ नका. अमेरिकेत एला जेन्किन्स यांनी १९५७ च्या आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून ही हाक-आणि-प्रतिसादाची रीत मुलांच्या संगीताचा कणाच करून टाकली, आणि २०२४ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी गेल्या तोवर मुलांची गायिका म्हणूनच त्या ओळखल्या गेल्या. आपल्याकडे ही रीत परकी नाही. कीर्तनकारांच्या मागे टाळकरी तेच करतात, आणि भोंडल्याच्या फेरातही एकीने म्हटलं की बाकीच्या उचलतात. तेच मुलांबरोबर करायचं. ओळ तीनदा द्या: पहिल्यांदा तुम्ही म्हणा, दुसऱ्यांदा ओठांची हालचाल ठळक करत मुलांबरोबर म्हणा, तिसऱ्यांदा गप्प बसा आणि हात पुढे करा. तो तिसरा रिकामा वेळ भरून काढायचा मोह फार होतो. दोन-तीन सेकंद शांतता राहिली तरी राहू द्या, मुलं ती भरतात.

नावांनंतर बसून करायच्या हातवाऱ्यांची दोन गाणी, मग उभं राहून एक, मग उड्यांचं एक. कार्यक्रम फिसकटतो तो बहुतेक उड्यांनंतर. गाणं संपतं, मुलं धापा टाकत उभी असतात, आणि कलाकार पाणी पितो किंवा पालकांशी दोन शब्द बोलतो. त्या दहा सेकंदांत मुलं पांगतात आणि मग माईकवरून ‘खाली बसा, खाली बसा’ सुरू होतं. ‘खाली बसा’ हे बोलायचं नसतं, गायचं असतं. उड्यांच्या गाण्याची शेवटची ओळ त्याच चालीत, त्याच ठेक्यावर, हळूहळू आवाज कमी करत बसण्याकडे न्या. उदाहरणार्थ, बोटं पावसाचे थेंब होऊन डोक्यावरून खांद्यावर, खांद्यावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून जमिनीवर येतात आणि मुलं बसलेली असतात. तबला थांबवू नका, नुसत्या बोटांनी केरवा चालू ठेवायला सांगा. पाणी तुम्ही नंतर गोष्टीच्या गाण्यात पात्र म्हणून प्या.

गोष्टीचं गाणं चार मिनिटांपर्यंत चालतं, कारण त्यात पुढे काय होणार याची ओढ असते. दोन-तीनच वस्तू पुरतात: एक छत्री, एक हातातली बाहुली, एक डबा. शेवटचं गाणं शांत, आणि दर कार्यक्रमात तेच. ते वाजलं की संपलं, हे दुसऱ्या भेटीला मुलांना कळतं.

बक्षीस ठेवू नका. ‘जो छान नाचेल त्याला चॉकलेट’ म्हटलं की उरलेली मुलं पुढचा सगळा वेळ चॉकलेटकडे बघतात.

मुलांच्या हातात खुळखुळे द्यायचे तर छोट्या बाटलीत तांदूळ भरून झाकण आतून चिकटवून आणि वरून टेप गुंडाळून द्या. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत जाणारी कुठलीही वस्तू घशात अडकू शकते असं धरायचं. म्हणून सुटी घुंगरं, मणी, खडे, फुगे टाळा. खुळखुळे एकाच गाण्यापुरते द्या आणि गोळा करायचंही गाणं ठेवा, नाहीतर पुढचं काहीच ऐकू येणार नाही.

बैठक आणि ध्वनी यांवर कलाकार कमी बोलतात, पण निम्मे कार्यक्रम तिथेच बिघडतात. लहानांची संख्या ऐंशी-शंभरापुढे गेली की मागच्यांना तुमचे हात दिसत नाहीत, आणि हात दिसले नाहीत की हातवाऱ्यांचं गाणं मेलं. आयोजक दोनशे मुलं म्हणाले तर दोन खेळ मागा. सतरंजी रंगमंचापासून दोन मीटर सोडून घाला, दर दहा-बारा मुलांमागे एक मोठं माणूस मुलांमध्येच खाली बसलेलं हवं, आणि ये-जा करायची वाट मागून किंवा बाजूने ठेवा.

माईक डोक्याला लावायचा घ्या. हात मोकळे नसतील तर हे काम करताच येत नाही. स्पीकर स्टँडवर मुलांच्या डोक्याच्या वर, आणि तुम्ही स्पीकरच्या रेषेच्या मागे. मुलांत उतरून गाणार असाल तर ध्वनिवाल्याला आधी सांगा, कारण स्पीकरपुढे आलात की शिट्टी वाजणार. मुलाला हातातला माईक द्यायची वेळ आली तर द्यायचा नाही, आपणच त्याच्या तोंडापुढे चार बोटं अंतरावर धरायचा. मूल माईकची जाळी मुठीत पकडतं, त्याने माईक सगळीकडचा आवाज घ्यायला लागतो आणि कर्कश शिट्टी बसते. त्या शिट्टीने पहिल्या रांगेतली दोन-तीन तरी रडतात.

आवाज किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित श्रवणाच्या मापात मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल धरलेत. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचा वाटा सव्वा तासात संपला. मंडपातले स्पीकर नव्वदीला सहज पोचतात. सतरंजीच्या मध्यावर ७५ ते ८० ठेवा. फोनवरच्या ॲपने अंदाज येतो. उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला परवानगी आयोजकाने काढायची, आणि शाळा-रुग्णालयांभोवतीचं १०० मीटरचं शांतता क्षेत्र त्याने पाहायचं, हे लेखी ठरवा.

तुमच्या गळ्याची काळजी तुम्हाला मी सांगायला नको, फक्त एक: या कामात गळा गाण्याने कमी आणि गोंगाटावर बोलण्याने जास्त बिघडतो. दिवसाला दोनच खेळ घ्या. आवाज तीन आठवड्यांवर बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू पाहून घ्या.

आता पैसे. आकडे शहरागणिक बदलतात, म्हणून रीत सांगते आणि आकडे समजण्यापुरते घेते. समजा मानधन १२,००० ठरलं. तबला २,५००, ध्वनी ४,०००, मदतनीस १,०००, प्रवास १,५०० गेले, की हातात ३,००० उरतात. आयोजकाला मात्र तुम्ही बारा हजार घेता एवढंच दिसतं. म्हणून ध्वनी आणि प्रवास मानधनातून वेगळा काढा, तो त्यांच्याकडे. मानधनाचा आकडा त्यामुळे थोडा उतरला तरी आता हातात ५,००० राहिले असं धरू. घराला महिना ३५,००० लागत असतील तर वर्षाचे ४,२०,००० झाले, म्हणजे ८४ कार्यक्रम. आणि कामाचे दिवस एकसारखे येत नाहीत. गणेशोत्सवाचे दहा दिवस, बालदिनाचा आठवडा, डिसेंबर-जानेवारीची स्नेहसंमेलनं, एप्रिल-मेची शिबिरं. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचे आणि जून-जुलै पावसाचे, दोन्ही कोरडे. नवख्या माणसाला ८४ कार्यक्रम मिळत नाहीत.

म्हणून पाया साप्ताहिक तासांचा घालावा. समजा चार बालवाड्यांत आठवड्याला दोन-दोन तासिका, तासिकेला ६०० रुपये, वर्षातले ३६ आठवडे. त्याचे १,७२,८०० होतात. उरलेल्यासाठी पन्नासच्या आसपास कार्यक्रम लागतात. हेही कष्टाचंच आहे, पण अशक्य नाही. शिवाय त्या तासिकांत नवीन गाणी घासून पुसून निघतात. जे गाणं वीस मुलांच्या वर्गात तीन आठवडे टिकलं तेच मंचावर न्यायचं. गोष्टी सांगणाऱ्या साने गुरुजी कथामालेसारख्या संस्था, बालभवनं, आणि परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा यांच्याशी ओळख ठेवा. परदेशातल्या मुलांना ऑनलाइन शिकवता येतं, पण एकत्र गाऊन घेता येत नाही, कारण आवाज मागेपुढे पोचतो. तिथे सगळ्यांचे माईक बंद ठेवून एकेकाला हाक-प्रतिसाद करावा लागतो.

बोलणी लेखीच करा, व्हॉट्सॲपवर का होईना: तारीख, वेळ, वयोगट, मुलांची कमाल संख्या, अर्धे पैसे आगाऊ, सात दिवसांच्या आत रद्द झालं तर आगाऊ रक्कम परत नाही. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही. मोठ्या संस्थांनी कापलेला टीडीएस विवरणपत्रात धरायला विसरू नका.

गाण्यांच्या हक्कांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण नोकरी सोडताना नेमकं हेच बदलतं. शाळेच्या कामाचा भाग म्हणून तिथल्याच शिक्षक-विद्यार्थ्यांनी, तिथल्याच मुलांपुढे आणि पालकांपुढे गाणं सादर केलं तर कायदा त्याला सूट देतो. तुम्ही मानधन घेऊन बाहेरून येता तेव्हा त्या सवलतीवर विसंबता येत नाही. भारतात शब्द आणि संगीत यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ‘नाच रे मोरा’ घ्या, १९५३ च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातलं. गीतकार ग. दि. माडगूळकर डिसेंबर १९७७ मध्ये गेले, म्हणून शब्दांचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत. संगीत पु. ल. देशपांड्यांचं, ते २००० मध्ये गेले, म्हणजे चालीचा हक्क २०६० पर्यंत. सगळ्यांना ‘जुनं’, ‘आपलं’ वाटणारं गाणं हक्कमुक्त असेलच असं नाही. जाहीर कार्यक्रमात अशी गाणी असतील तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेचा परवाना आयोजकाने घ्यावा, मूळ ध्वनिमुद्रण वाजवणार असाल तर त्याचा परवाना वेगळा. तोंडी परंपरेतली बडबडगीतं आणि भोंडल्याची गाणी मोकळी आहेत, फक्त एखाद्याने केलेली नवी चाल किंवा वाद्यमेळ उचलू नका. आणि स्वतःची गाणी बांधा. दहा वर्षांनी तुमच्याकडे उरणारी मिळकत तीच.

यूट्यूबवर भिस्त ठेवून नोकरी सोडू नका. जानेवारी २०२० पासून मुलांसाठीच्या व्हिडिओंवर वैयक्तिक जाहिराती लागत नाहीत आणि प्रतिक्रिया बंद असतात, त्यामुळे तेवढ्याच प्रेक्षकांत उत्पन्न कमी. मुलांचे चेहरे टाकायचे तर पालकांची लेखी परवानगी घ्या, आणि शंका असेल तिथे मुलांच्या पाठीमागूनच चित्रण करा.

जाहिरातींचे प्रस्ताव येतील: बिस्किटं, शिकवण्या, ॲप. कॅनडाचे रॅफी यांचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. कैरोत १९४८ साली आर्मेनियन घरात जन्म, दहाव्या वर्षी कॅनडात, आधी मोठ्यांसाठी लोकगीतं गाणारे. १९७६ मध्ये मुलांसाठी पहिली ध्वनिमुद्रिका काढली, तीही स्वतःच्या कंपनीतर्फे. मग पुढची सगळी कारकीर्द त्यांनी आपली गाणी मुलांना माल विकायला दिली नाहीत. हक्क स्वतःकडे होते म्हणून नाही म्हणणं त्यांच्या हातात राहिलं. मूल तुमच्यावर विश्वास ठेवून तुमच्या मागे शब्द म्हणतं. त्या विश्वासावर बिस्किटं विकू नयेत असं माझं ठाम मत आहे, आणि त्याची किंमत मोजावी लागते हेही खरं.

आत्ता नोकरी ठेवा आणि येत्या हंगामात दहा कार्यक्रम असे करा: फोन तिपाईवर लावायचा, पण तोंड तुमच्याकडे नाही, मुलांकडे. एवढ्यासाठीही आयोजक आणि पालकांना आधी सांगा, आणि बघून झालं की चित्रण पुसून टाका. घरी आल्यावर आवाज बंद करून बघा. पहिलं मूल कितव्या मिनिटाला उठलं ते वहीत लिहा, आणि त्याआधीच्या तीस सेकंदांत तुम्ही काय करत होतात तेही. बोलत होतात? पाणी पीत होतात? अंतरा वर गेला होता? पट्टी पांढरी दोनला नेल्यावर तो आकडा दहावरून पुढे सरकतो का बघा. सोबत प्रत्येक कार्यक्रमाचा हातात उरलेला पैसा आणि पुन्हा बोलावणं आलं की नाही, हे दोन रकाने ठेवा. दहांतल्या सहा-सात जणांनी स्वतःहून पुन्हा बोलावलं आणि निदान दोन बालवाड्या वर्षभराच्या तासिकांना तयार झाल्या, तर राजीनाम्याचं बोलू. वही घेऊन पुन्हा विचारा, आकडे समोर असले की नेमकं सांगता येईल.